गुलाबी स्कूटर आणि लालासाहेबाची पाण्याची पाळी

मी आता जे सांगणार आहे त्यावर आष्ट्यात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, आणि आष्ट्याबाहेर मला कोणी ओळखत नाही, म्हणजे तिथंही तीच गत. तरी सांगतो. मिस रोमीचं 'गुलाबी स्कूटर' हे गाणं ज्यांनी टीव्हीवर बघितलं असेल त्यांना त्यातली पायझटक आठवत असेल. गुडघा वर, पाऊल मागं, एक झटका, मग दुसरा पाय. अठ्ठ्याण्णव साली वरातीत पोरं तशीच नाचत होती, गणपतीपुढं तशीच नाचत होती, आमच्या गल्लीतलं एक करडूसुद्धा मागचा पाय तसाच झटकायचं. तर ती पायझटक मुंबईत जन्मली नाही की परदेशात नाही. ती जन्मली आमच्या लालासाहेबाच्या रानात, आणि ती जन्मली तेव्हा कर्ण्यावर गात होतो मी, जालिंदर, वय एकसष्ट, वरचे पुढचे दोन दात नसलेला.

मी फौजेत ट्रक चालवला. लडाखचे रस्ते, बर्फ आणि इंजिनाचा एकच सूर. गाणं हवं असेल तर ड्रायव्हरनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं आणि शेजारच्या शिपायानं खिडकीतनं बाहेर बघायचं, अशी तिथली रीत. पेन्शनीत आलो, पुढं घरात केबल आली आणि माझ्या कानांचा जन्माचा उपास सुटला. माझ्या वयाची माणसं पारावर बसून आता कुणाचा नंबर लागतोय याचा अंदाज बांधत असायची, तेव्हा मी जेवून खुर्ची टीव्हीपुढं ओढायचो आणि गाण्यांचं चॅनल लावायचो.

पाच पोरांचं एक इंग्रजी गाणं होतं. पाचही जण पांढरे सदरे घालून एकाच पोरीसाठी रडतात. शब्द एक कळायचा नाही, दुःख मात्र सगळं कळायचं. मी दर वेळी त्यांना सांगायचो, गड्यांनो, एकानं तरी दुसरीकडं बघा, उरलेल्या चौघांना जरा हवा येईल. दुसरं एक पंजाबी पॉप होतं, त्यात आठ जणी मिळून एक जीप धुतात. गाणं संपेपर्यंत धुतात. मी सगळी नोकरी गाड्या धुण्यात घालवली, मला त्या जीपचं एक चाक धुतलेलं दिसलं नाही. पण मी तक्रार केली नाही, उलट पुन्हा लागलं की पुन्हा तपासायला बसायचो. आणखी एकात एक गडी बर्फात सदऱ्याची सगळी बटणं सोडून उभा राहतो. बर्फात बटणं सोडली की काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून ते गाणं लागलं की मी आधी उठून मफलर बांधायचो आणि मग पुढचं बघायचो. आमची मंडळी भामाबाई चुलीपासनं म्हणायची, "त्येला न्हाई थंडी, ह्यास्नी हाय."

पण सगळ्यांत वरचा नंबर 'गुलाबी स्कूटर'चा. काळा गॉगल लावलेली मिस रोमी गुलाबी स्कूटरवरनं येते, मागं हिरवागार ऊस, आणि दोन्ही अंगांना ओळीनं नाचणारी पोरं. संक्रांतीनंतर ते टीव्हीवर यायला लागलं आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. मी ते न्हाणीत म्हणायचो, दळण आणताना म्हणायचो. एकदा मयताला गेलो असताना तोंडातनं निघून गेलं, तेव्हापासून लोक मला मयतात मागच्या रांगेत उभं करतात.

या सगळ्यात माझा जोडीदार म्हणजे लालासाहेब. सुभेदार होऊन पेन्शनीत आला, नदीकडं त्याचं उसाचं रान आहे. माणूस सरळ, इतका सरळ की वळणावरसुद्धा सरळच जाईल. त्याच्या घरच्या टीव्हीवर त्याच्या बायकोचा, बनुबाईचा ताबा, म्हणून दुपार झाली की तो माझ्याकडं यायचा, टोपी मांडीवर ठेवून बसायचा आणि गाण्याला टाळी धरायचा. ती टाळी ठेक्याच्या आधी पडायची नाहीतर नंतर, ठेक्यावर मात्र कधीच नाही. पण माणूस रोज यायचा.

आणि आषाढात आमच्या घरात वीज पडली. माझी नात साक्षी दहावीला गेली.

आमचा पोरगा राजरत्न पुण्यात नोकरीला, महिन्याकाठी येणारा. घरात हुकूम त्याच्या बायकोचा, स्वप्नाचा. ती अंगणवाडी चालवते. चाळीस पोरं एका नजरेत गप्प करणारी बाई, तिच्यापुढं एक म्हातारा म्हणजे काय. तिनं एका शब्दात निकाल दिला: परीक्षा होईपर्यंत केबल बंद. मला वाटलं, बोलते आहे, विसरेल. तर दुसऱ्याच दिवशी दुपारी, टीव्हीवर जीप धुणं चालू असताना, दारात केबलवाला धम्मपाल हजर. खांद्यावर शिडी, हातात पक्कड.

"जय भीम तात्या," धम्मपाल म्हणाला. "बगताय व्हय? बगून घ्या. जीप तेवढी धुऊन हुंदे, मग तोडतो."

"आरं बस की जरा," मी म्हणालो. "स्वप्ना, पाणी दे गं त्येला. चा टाक. लांबनं आलाय."

"मागच्या गल्लीतनं आलाय," स्वप्ना म्हणाली. ती उंबऱ्याजवळ शेंगा फोडत बसली होती, मान वर केली नाही. "धम्मपाल, शिडी लावा तुम्ही."

शिडी भिंतीला लागली. लालासाहेबानं टोपी डोक्यावर घातली, मयताच्या घरी घालतात तशी. साक्षी आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून बसली होती, तिचा एक कान तेवढा दारात आला होता. धम्मपाल दोन पायऱ्या चढला, आणि मला पुढच्या सगळ्या दुपारी दिसायला लागल्या. मी आणि भामाबाई समोरासमोर, मध्ये बंद टीव्ही. भामाबाई चांगली आहे, पण तिला व्हिडिओ नाही.

"थांब धम्मपाल," मी म्हणालो. "ज्या घरातला माणूस टीव्हीवर दिसतोय त्या घराची केबल तोडतोस व्हय रं?"

"कोण दिसतोय?" स्वप्नानं मान वर केली.

"मी."

"बातम्यांत?" भामाबाईनं आतनं विचारलं. "काय केलंसा?"

"गुलाबी स्कूटरमधी."

धम्मपालची पक्कड हवेत राहिली. तोही त्या गाण्याचा गिऱ्हाईक होता. त्याच्या धाकट्या भावाच्या वरातीत पायझटक करताना त्याचा लेंगा फाटलेला मी स्वतः बघितला होता. स्वप्नानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तिला माझा स्वभाव ठाऊक, पण ती न्यायी बाई आहे, आरोपीला बोलू देते.

"ठीक आहे मामा," ती म्हणाली. "सांगा. खरं वाटलं तर केबल राहील. खोटं निघालं तर धम्मपाल तिथंच आहेत, पक्कडही तिथंच आहे."

"मी शिडीवरच हाय," धम्मपाल म्हणाला. "सांगा तात्या, पर लांबवू नका, पाय भरून येत्यात."

मी लालासाहेबाकडं बघून एक डोळा बारीक केला. त्याच्या दुपारीसुद्धा त्याच शिडीवर टांगलेल्या होत्या, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला, पण कळलं. त्यानं टोपी परत मांडीवर घेतली.

मग मी सांगितलं ते असं.

गेल्या साली दिवाळी झाली, कार्तिक लागला, आणि मी भामाबाईला मलकापूरला लेकीकडं सोडून माघारी निघालो होतो. स्वप्ना साक्षीला घेऊन माहेरी. म्हणजे घरातलं कोणीच घरात नाही. ("हे बरं जमलं," स्वप्ना म्हणाली.) मलकापूरच्या फाट्यावर चहाच्या टपरीपुढं तीन गाड्या उभ्या होत्या आणि त्यातल्या एका टेम्पोत गुलाबी स्कूटर आडवी निजवलेली. बाकड्यावर एक माणूस डोकं धरून बसला होता, केसांची पाठीवर शेपटी. मी ओळखलं, हा डायरेक्टर. शेपटी असून शेतकरी नाही आणि दुःखी आहे, म्हणजे दुसरा कोण असणार.

"त्ये कसं वळिकलंसा?" धम्मपालनं शिडीवरनं विचारलं.

"मफलर होता न्हवं माझ्याकडं. त्ये लोक मफलरवाल्याशी मोकळं बोलत्यात."

तर ते लोक साताऱ्यावरनं आले होते. कासच्या पठारावर फुलांत नाचायचं म्हणून मुंबईहून निघाले, आणि कार्तिकात पोचले. कार्तिकात कासला फुलं कुठली. सगळं गवत पिवळं, वर वारा. मिस रोमीनं सांगितलं, मी वाळक्या गवतात नाचणार नाही. त्यात येताना घाटात त्यांचं जनरेटर बंद पडलं, ते तिथंच सोडून आले. मी डायरेक्टरपुढं उभा राहिलो आणि फौजेतल्या हिंदीत म्हणालो, साब, हरा मंगता क्या? तो म्हणाला, कितना हरा है? मी म्हणालो, साब, हमारे यहाँ इतना हरा है की आदमी अंदर गया तो जनवरी में निकलता है.

"आणि ते लगेच तुमच्या मागं आले," स्वप्ना म्हणाली.

"पुढं. मी पुढच्या गाडीत बसलो हुतो, रस्ता दावायला. मिस रोमी माझ्या मागल्या सीटवर. सारखी खोकत हुती. मी तिला आल्याची वडी दिली."

"कुठली आल्याची वडी?" भामाबाई आता दारात आली होती. "मी लेकीला म्हणून केलेल्या?"

"एकच दिली."

"तरीच म्हणते डब्यात जागा कशी झाली."

हे बघा, खोट्याला असा एक खरा साक्षीदार मिळाला की खोटं आपोआप चालायला लागतं. वड्या मी मलकापूरला पोचायच्या आतच खाल्ल्या होत्या, पण आता त्या मिस रोमीच्या पोटात गेल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

आम्ही लालासाहेबाच्या रानात आलो. मागं उभा ऊस, डोक्यावर तुरे. पुढच्या पट्टीत चार दिवसांपूर्वीची नवी लावण, काळ्या मातीचे वरंबे आणि मधल्या सऱ्यांत पुरलेल्या उसाच्या कांड्या. डायरेक्टर बघतच राहिला. त्याला वाटलं, हे वरंबे आम्ही त्याच्या नाचासाठीच ओढलेत.

"लालासाहेब काका, तुम्ही तयार झालात?" स्वप्नानं एकदम त्याला विचारलं.

लालासाहेबानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. मग विचार करून म्हणाला, "पर सरीत पाय टाकू द्यायचा न्हाई मी. कांडी मोडती."

इतकं चांगलं मला सुचलं नसतं. मी तेच धरलं. लालासाहेबानं सांगितलं, नाचा, पण वरंब्यावरनं नाचा, सरीत ज्याचा पाय पडेल त्याला मी रानाबाहेर काढीन. सुभेदाराचा आवाज तो. सगळी पोरं एकेका वरंब्यावर उभी राहिली, सरळ रेषेत. आता तुम्ही आठवा, म्हणालो मी, त्या व्हिडिओत कोणी तरी आडवं सरकतं का? सगळे पुढं जातात, मागं येतात. लोकांना वाटतं ही नवीन तऱ्हा. ती कांडीची भीती आहे.

धम्मपालनं शिडीवर डोळे मिटून मनातल्या मनात गाणं लावलं. "आयला," तो म्हणाला. "आडवं कोणच जात न्हाई की."

आता अडचण अशी होती की सगळी तयारी झाली पण वीज नव्हती. त्यांचं टेप विजेवर, जनरेटर घाटात. त्यांनी लालासाहेबाच्या मोटरीच्या खोपीतनं वायर ओढली आणि सगळे विजेची वाट बघत उभे. मिस रोमी स्कूटरवर बसून, पोरं वरंब्यावर, शेपटीवाला कॅमेऱ्यामागं. आणि आमचा लालासाहेबही विजेचीच वाट बघत होता, कारण त्या दिवशी त्याची पाण्याची पाळी होती. नव्या लावणीला चौथ्या-पाचव्या दिवशी आंबवणीचं पाणी द्यावं लागतं, ते चुकलं की कांडीचा डोळा फुटत नाही. आणि पाळी एकदा गेली की गेली. आमच्याकडं घरात लग्न असलं तरी नवरदेव पाळीवर जाऊन येतो आणि मग अक्षता पडतात. पाटकरी मानसिंग, म्हणजे पाणीपुरवठा संस्थेचं पाणी वाटून देणारा, तो तर सख्ख्या भावाला दहा मिनिटं जादा देत नाही.

"व्हय, त्यो तसलाच हाय," लालासाहेब म्हणाला. त्याचा चेहरा एकदम खरा झाला. "मला मागं त्येनं..."

"त्ये नंतर," मी म्हणालो.

वीज आली. टेप सुरू झालं, मिस रोमीनं ओठ हलवले, पोरांनी पाय उचलले, आणि नदीवर संस्थेची मोटर सुरू झाली. तिकडं ज्याची त्याची मोटर, सगळ्या एका दमात. विजेचा दाब असा खाली गेला की बल्बात मेणबत्तीएवढा उजेड. आणि टेप ओढायला लागलं. मिस रोमीचा आवाज आधी माझ्यासारखा झाला, मग लालासाहेबासारखा, मग रेडा पाण्यात बसताना करतो तसा. पोरांना कळेना नाचायचं का थांबायचं.

साक्षी आतनं हसली. पुस्तक पडल्याचा आवाज आला. स्वप्नानं तिकडं बघितलं नाही, आणि मला कळलं की तिचे स्वतःचे ओठ आवळलेले आहेत.

"मग वो तात्या?" धम्मपाल एक पायरी खाली आला.

मग माझी पाळी. आपल्या जयंती मंडळाचा कर्णा आणि माईक कुणाच्या ताब्यात असतो? माझ्या. तो मी आणला, लालासाहेबाच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडला, ट्रॅक्टरच्या टपावर चढलो आणि डायरेक्टरला म्हणालो, साब, आप कॅमेरा चलाव, मैं गाता. आणि मी गायलो. पहिलं कडवं, दुसरं कडवं, मधलं ते डिंग डिंग वाजतं ते पण तोंडानं. मिस रोमीनं माझ्या आवाजावर ओठ हलवले. देशातली एवढी गाजलेली पोरगी, आणि तिच्या तोंडात एकसष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज, तोही दोन दातांच्या फटीतनं येणारा. म्हणून बघा, ती 'स्कूटर' म्हणते तेव्हा तिचा खालचा ओठ जरा जादाच पुढं येतो. मी 'स्कूफर' म्हणत होतो.

"येतो," धम्मपाल म्हणाला. "ओठ येतो फुडं."

"आणि पाणी?" हे लालासाहेबानं विचारलं. माणूस स्वतःच्या रानात, स्वतःच्या पाळीवर हजर होता, आणि पुढं काय झालं ते मला विचारत होता. तो पुढं सरकून खुर्चीच्या टोकावर आला होता, टोपी खाली पडली होती आणि त्याला पत्ता नव्हता.

पाणी आलं. मानसिंगानं वरनं पाणी सोडलं, आता फक्त दारं मोडायचं, म्हणजे पाटाचा मातीचा बांध फोडून ते सरीत घ्यायचं, एवढंच राहिलं. मी ओरडलो, वहिनी, जरा थांबवा. बनुबाई खोरं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नाचनारी उद्या येतील, पानी पंधरा दिसांनी येतंय." आणि तिनं दारं मोडलं. पाणी सरीत शिरलं. सऱ्या भरल्या, वरंबे भिजले, आणि काळी माती ती, पोरांचे पाय घोट्यापर्यंत आत. आता गाणं थांबवावं तर मी थांबत नव्हतो. मी एकदा सुरू झालो की लडाखात बर्फ पडला तरी थांबत नसे. मग पोरांनी काय केलं? गुडघा वर करून पाय उपसला, मागं झटकून चिखल काढला, परत टाकला. दुसरा पाय उपसला, झटकला. सगळी ओळ एका ठेक्यात. शेपटीवाला कॅमेऱ्यामागनं रडायला लागला. मला वाटलं दुःखानं. तर तो म्हणाला, यही चाहिए था.

टीव्हीवर कसलीशी जाहिरात चालू होती, ती कोणी बघत नव्हतं.

"मिस रोमीची स्कूटर?" धम्मपालनं हळू विचारलं. तो आता शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसला होता.

"रुतली. बनुबाईनं मागनं ढकलली. व्हिडिओत स्कूटर येकदम फुडं उडी मारती बग, त्यो बनुबाईचा हात."

"आनी येका पोराचा बूट ऱ्हायला," लालासाहेब म्हणाला.

मी त्याच्याकडं बघितलं. बूट माझा नव्हता. बूट त्यानं स्वतःच्या मनानं घातला होता.

"राह्यला," मी म्हणालो. "अजून हाय रानात."

"त्या जाग्याला ऊस जाड आलाय औंदा," लालासाहेब म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत बघून मी शपथेवर सांगतो, त्याला तो ऊस दिसत होता.

स्वप्ना मात्र अजून न्यायाधीश होती. "मामा, मी ते गाणं हजारदा बघितलंय. तुम्ही रोज लावता, बघावंच लागतं. त्यात ट्रॅक्टर नाही, कर्णा नाही आणि तुम्ही तर अजिबात नाही. तुम्ही म्हणालात, टीव्हीवर दिसता."

"मी कॅमेऱ्याच्या मागं उंचावर. त्ये सगळे वर बगून नाचत्यात, त्ये कुनाकडं बगत्यात? आनी मिस रोमीचा गॉगल बग. काळा, मोठा. शेवटच्या कडव्याला तिचं तोंड टीव्हीभर येतं, तवा त्या काचंत ट्रॅक्टर हाय, टपावर मानूस हाय. काचा दोन. म्हंजे मी येकदा न्हाई, दोनदा दिसतो."

"मी बघितलंय," साक्षी एकदम दारात आली. "आई, गॉगलमध्ये काहीतरी आहे. काळं, मधोमध. मला वाटायचं कॅमेरा असेल."

"पोरी, त्यो मी."

"मफलर पण दिसतो थोडा," साक्षी म्हणाली. दहावीच्या पोरीचं डोकं किती लांब पोचतं बघा; तिलाही केबल हवीच होती.

भामाबाई भिंतीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला सांगितलं न्हाईसा कधी."

हे मला लागलं, खोटं का सांगू. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या बाईनं माझ्या कुठल्याच गोष्टीला असा आवाज लावला नव्हता. मी म्हणालो, "तुला वाटलं असतं मी बडाई मारतोय."

स्वप्नानं सूप परत पुढ्यात ओढलं.

"धम्मपाल, राहू द्या," ती म्हणाली. "दुपारी चालू, संध्याकाळी साक्षी घरी असताना बंद. आणि मामा, आवाज कमी."

धम्मपालनं पक्कड खिशात घातली. त्याला गिऱ्हाईक राहिल्याचा आनंद होता की बनुबाईच्या हाताचा, सांगता येत नाही. शिडी खांद्यावर घेऊन तो दारात थबकला आणि माझ्या पायाला हात लावून गेला. मी आशीर्वाद दिला. साक्षी आत जाऊन खरंच अभ्यासाला बसली. मी खुर्चीत मागं रेलून पाय लांब केले. लडाखात घाट उतरून सपाटीला लागल्यावर मी असाच रेलत असे, आणि माझ्या सोबतच्या शिपायांचं म्हणणं होतं की अपघात मी नेहमी सपाटीवरच करतो.

स्वप्ना शेंगा फोडत होती. तिच्या आवाजात आता तपासणी नव्हती, नुसतं घरचं बोलणं होतं. "पण मामा, एक नवल वाटतं. गाणं आख्खं पाठ म्हणायचं, कडव्यांसकट, तेही कर्ण्यावर, पोरगी ओठ हलवेल असं. तुम्हाला इतकं येत कसं होतं?"

"त्यात काय नवल," मी म्हणालो. मी इतका खुशीत होतो की विचार करायची गरज वाटली नाही. "आगं, रोज दुपारी ह्याच टीव्हीवर बगत हुतो की. बगून बगून पाठ झालं हुतं."

स्वप्नानं मान डोलावली. भामाबाईनंही डोलावली. झालं असतं, तिथं सगळं संपून चहा झाला असता.

पण लालासाहेब अजून रानातच होता. तो खुर्चीच्या टोकावर तसाच बसला होता, कपाळाला आठ्या, बोटांवर महिने मोजत. मी त्याला डोळा मारला. त्यानं बघितलं नाही. मी खोकलो. मी पायानं त्याची पडलेली टोपी त्याच्याकडं सरकवली. त्यानं ती उचलली, झटकली, मांडीवर ठेवली, आणि अगदी जिव्हाळ्यानं, एखादं कोडं दोघांनी मिळून सोडवावं तसा, मला म्हणाला,

"आरं पर जालिंदर, टीव्हीवर त्ये गानं संक्रांतीनंतर आलं. कार्तिकात तर त्येचं शूटिंगच आपल्या रानात चाललं हुतं. मग त्येच्या आधी तू टीव्हीवर रोज बगत काय हुतास, गड्या?"